चॉसरच्या कस्टन्सबद्दल एक शंका: तिच्या देवाने तिला तारलं की गप्प बसवलं?

जुनी_परिचारिका (प्रश्न)

मी पेशाने नर्स, आता निवृत्त. नोकरीची ३१ वर्षं, त्यातली बरीचशी प्रसूतीच्या वॉर्डात गेली. साहित्याचं रीतसर शिक्षण नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

सध्या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरचं ‘कॅन्टरबरी टेल्स’ वाचते आहे. त्यात यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगतात. डाव्या पानावर चॉसरचं जुनं इंग्रजी, उजव्या पानावर आजचं, आणि मी मधल्या शिवणीत बोट घालून दोन्हीकडे बघत बसलेली. वकिलाने सांगितलेल्या गोष्टीपाशी गाडी अडली आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोमच्या सम्राटाची मुलगी कस्टन्स. सिरियाचे व्यापारी तिची कीर्ती सुलतानाच्या कानावर घालतात आणि तो तिला न बघताच वेडा होतो, लग्नासाठी ख्रिस्ती व्हायलाही तयार होतो. मुलीला कोणी विचारत नाही. सुलतानाच्या आईला हे धर्मांतर खपत नाही. ती मेजवानीतच मुलासकट सगळ्या ख्रिस्ती मंडळींची कत्तल करवते आणि कस्टन्सला सुकाणू नसलेल्या जहाजात बसवून समुद्रात सोडते. तीन वर्षांहून जास्त काळ ती वाहत राहते आणि पार उत्तर इंग्लंडात, नॉर्थम्बरलंडच्या वाळूत जहाज रुततं. तिथला किल्लेदार आणि त्याची बायको हर्मेन्गिल्ड तिला आसरा देतात. एक सरदार कस्टन्सच्या मागे लागतो. ती नकार देते. मग तो रात्री हर्मेन्गिल्डचा गळा चिरून रक्ताचा सुरा कस्टन्सच्या उशाशी ठेवतो. तिथला राजा एल्ला याच्यापुढे खटला उभा राहतो. सरदार बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घेतो आणि कुठूनसा एक हात येऊन त्याच्या मानेवर असा तडाखा देतो की त्याचे डोळे बाहेर पडतात. राजा ख्रिस्ती होतो, कस्टन्सशी लग्न करतो. पुढे तो लढाईवर असताना तिला मुलगा होतो, आणि राजाची आई डोनेगिल्ड निरोप्याला दारू पाजून पत्रं बदलते. राजाला कळतं की जन्माला आलंय ते पोर नव्हे, सैतानी काहीतरी. तो तरीही लिहितो, देवाची इच्छा, आई आणि मूल दोघांना सांभाळा. तेही पत्र म्हातारी बदलते: तीन दिवसांच्या आत हिला मुलासकट त्याच जहाजातून घालवा. पुन्हा समुद्र, या खेपेला पाच वर्षांहून जास्त.

आता माझी अडचण. दर संकटात वकीलसाहेब मधे येऊन विचारतात, हिला बुडू कोणी दिलं नाही? आणि स्वतःच उत्तर देतात: ज्याने बायबलमधल्या योनाला माशाच्या पोटात राखलं त्याने. हिला खायला कोणी दिलं? ज्याने वाळवंटात इजिप्तच्या संत मेरीला जगवलं त्याने. हे वाचताना मला माझी जुनी चीड आठवली. अठरा अठरा तास कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसून कोणीतरी हमखास म्हणायचं, “सोस गं, देव बघतोय.” देव बघत असेलही. पण बघायला आम्हीसुद्धा होतो की तिथे, जरा हाक मारायची! सोसणारीचं कौतुक फार झालं की तिचं दुखणं कोणी मोजत नाही, हे मी नाडीवर बोट ठेवून सांगते.

तर चिडून पुस्तक मिटणार होते, तेवढ्यात किनाऱ्यावरचा प्रसंग आला. बाळंतपणाला फार दिवस झालेले नाहीत. पुढे जहाज, मागे रडणारे लोक, हातात रडणारं मूल. ती गुडघ्यावर बसते आणि बाळाला म्हणते, गप बाळा, मी तुला काही करणार नाही. डोक्याचा रुमाल ओढून काढते आणि त्याच्या डोळ्यांवर पसरते. मग त्याला छातीशी घेऊन हलवत राहते आणि स्वतः वर आभाळाकडे बघते.

हा रुमाल कोणा वकिलाला सुचलेला नाही. भगभगीत उजेडात किंचाळणाऱ्या बाळाच्या डोळ्यांवर नुसती तळव्याची सावली धरली तरी ते शांत होतं, हे मी शेकडो वेळा केलं आहे. “मी तुला काही करणार नाही” हे वाक्यही ओळखीचं. आई ते बाळाला कधी सांगते? बाकीचे सगळे काहीतरी करणार आहेत हे तिला कळून चुकलेलं असतं तेव्हा.

त्यानंतर ती येशूच्या आईला, मरियमला हाक मारते, पण मधेच मुलाकडे वळून विचारते: तुझा काय गुन्हा रे? तुझा कठोर बाप तुला का मारायला निघालाय? किल्लेदाराला म्हणते, याला इथे ठेवून घे. आणि तेवढी हिंमत नसेल तर बापाच्या नावाने याचा एक मुका तरी घे. आणि जाता जाता जमिनीकडे वळून बघत म्हणते, येते, निर्दय नवऱ्या.

मी रडले, आणि रडल्याबद्दल स्वतःवरच वैतागले. म्हणून इथे विचारते. या बाईची श्रद्धा तिचं बळ आहे की तोंडावर बांधलेली पट्टी? आणि दुसरा प्रश्न पेशातला: पाच वर्षांच्या प्रवासात या तान्ह्याला पाजलं कोणी, याचा कोणालाच विचार पडला नाही का? माशाच्या पोटातल्या योनाचा दाखला दुधाला चालत नाही.

पोथीवाचक

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर हातात आहे.

हीच कथा चॉसरच्या मित्राने, जॉन गॉवरने, त्याच सुमाराला ‘कन्फेसिओ अमान्तिस’मध्ये सांगितली आहे. (मित्र म्हणजे खरोखरचा. १३७८ मध्ये इटलीला जाताना चॉसरने आपलं मुखत्यारपत्र ज्यांच्या नावे केलं त्यांत गॉवर होता.) गॉवरची बाई जहाजात आधी बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर मूल हातात घेते, त्याला पाजते, आणि मधेच रडते, मधेच त्याला झोपवायला गाते. तुम्ही विचारलेलं दूध गॉवरच्या लक्षात होतं. चॉसरच्या रुमालाचं आणि गॉवरच्या दुधाचं एकत्र चित्र डोळ्यांपुढे आणा, मग प्रसंग पुरा होतो.

दोघांनीही गोष्ट घेतली ती निकोलस ट्रिव्हेट नावाच्या डोमिनिकन साधूच्या इतिहासातून. तो नॉर्मन वळणाच्या फ्रेंचमध्ये आहे आणि १३३४ च्या आसपासचा. राजा पहिला एडवर्ड याची मुलगी मेरी नन झाली होती, तिच्यासाठी तो लिहिला. आणि तिथली कॉन्स्टन्स अगदी निराळी बाई आहे, एका शिकलेल्या ननला वाचायला आवडेल अशी. तिला शास्त्रं शिकवलेली आहेत, अनेक भाषा येतात. व्यापारी येतात तेव्हा ती स्वतः त्यांच्याशी बोलून त्यांना ख्रिस्ती करते. नॉर्थम्बरलंडला लागल्यावर किल्लेदाराशी ती थेट त्याच्या सॅक्सन भाषेत बोलते. चॉसरकडे काय? तिची भाषा ‘मोडकी लॅटिन’, पण कसंबसं समजलं म्हणे.

दुसऱ्या समुद्रप्रवासात एक कारभारी तिच्यावर जबरदस्ती करायला जहाजावर चढतो, आठवतं ना? चॉसरमध्ये ती झगडते आणि तो ‘अचानक’ पाण्यात पडतो, वर मरियमची कृपा. ट्रिव्हेटमध्ये ती त्याला गोड बोलून सांगते, जरा बघ कुठे जमीन दिसते का, आणि तो बघायला वळला की मागून ढकलून देते. ढकलणं आणि पडणं यात केवढा फरक आहे!

म्हणजे चॉसरने तिची विद्या काढली, भाषा काढल्या, युक्ती काढली. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. तिला मुद्दाम रिकाम्या हाताने होडीत बसवलं आहे. पण त्याच माणसाने ट्रिव्हेटमध्ये नसलेला रुमाल घातला, ‘निर्दय नवऱ्या’ घातलं. हात रिकामे केले आणि तोंड मोकळं सोडलं. हे त्याने ठरवून केलं की होऊन गेलं, यावर मी बरीच वर्षं स्वतःशीच भांडतो आहे.

जाता जाता, इतिहासाशी या गोष्टीची गाठ फार गमतीची आहे. एल्ला हा उत्तर इंग्लंडातल्या डेइराचा खरा राजा होता, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, पण तो काही ख्रिस्ती झाला नाही. बाप्तिस्मा झाला तो त्याच्या मुलाचा, एडविनचा, ६२७ मध्ये यॉर्कला. कस्टन्सचा तो मुलगा मॉरिस, हाही खरा बायझंटाईन सम्राट, राज्य ५८२ ते ६०२. सम्राट टायबेरियसच्या मुलीचं नाव कॉन्स्टन्टिना, आणि ती मॉरिसची बायको होती. गोष्टीने बायकोची आई करून टाकली.

शंकासुर

सगळं मान्य, तरी मला ही बाई बाई वाटतच नाही. समुद्रात टाकलेली पेटी वाटते. इथून उचलली, तिथे लागली, जिथे लागली तिथले लोक ख्रिस्ती झाले. धर्मप्रसाराचं पार्सल.

याच पुस्तकातल्या ग्रिसेल्डाचीही तीच रड. नवरा दोन्ही मुलं हिसकावून घेतो, मारल्याचं भासवतो, शेवटी हिला नुसत्या आतल्या झग्यावर हाकलतो, आणि ही म्हणते जशी आपली मर्जी. इटालियन कवी पेत्रार्काने ती गोष्ट लॅटिनमध्ये केली आणि दोन मित्रांना वाचायला दिली. पादुआचा मित्र मधेच हुंदके द्यायला लागला, त्याला पुढे वाचवेना. व्हेरोनाच्या मित्राने कोरड्या डोळ्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, रडलो असतो, पण अशी बाई असू शकते यावर माझा विश्वास नाही. मी व्हेरोनाचा.

सासूबाई

माझ्या नावाला जागून दोन्ही सासवांची बाजू मांडते. हसू नका.

सुलतानाची आई दरबारी मंडळींना बोलावून काय सांगते ते पुन्हा वाचा. माझ्या हृदयातून माझा धर्म जाण्याआधी माझ्या देहातून प्राण जाईल, असं म्हणते ती. हेच वाक्य कस्टन्सच्या तोंडी घालून बघा. कुठे खटकतं का? तिच्यासाठी लगेच संतांच्या कथांतली जागा रिकामी होईल. पण हिला वकीलसाहेब म्हणतात विंचवीण, स्त्रीच्या कातडीतला साप, दुसरी सेमिरामिस (दंतकथेतली असिरियाची राणी). हिने खून पाडले हे उघडच आहे, मी तिला निर्दोष ठरवत नाही. पण खुनांच्या आधीपासूनच निवेदकाची जीभ तिच्यावर सुटलेली आहे. मधे रोमच्या सम्राटाने सूड म्हणून सिरियात सैन्य पाठवून माणसं जाळली, कापली, त्यावर मात्र दोन ओळी आणि पुढे चला.

एक मात्र कबूल करा, बाई बोलते झकास. खोटा बाप्तिस्मा घेऊ म्हणते, “थंड पाण्याने आपलं काय बिघडतंय!” आणि मग, सुनेला बाप्तिस्म्याने कितीही पांढरी धुतली तरी तांबडं धुवायला तिला कुंडभर पाणी लागेल. अख्ख्या गोष्टीत इतकी धारदार बोली दुसऱ्या कोणाची नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: श्रद्धा दोघींचीही पक्की, पण जी श्रद्धेपायी सोसते ती संत आणि जी श्रद्धेपायी करते ती सैतान. परिचारिकाताई, तुमच्या पट्टीचं टोक मला इथे सापडतं. (आणि सहाव्या शतकातली गोष्ट म्हणायची नि सुलतानाच्या हातात कुराण द्यायचं, हा गोंधळ वेगळाच.)

मेणबत्ती

मी ख्रिस्ती आहे, श्रद्धा मानणारी, आणि शंकासुरांचं ‘पार्सल’ वाचून जरा टोचलं. पण रागावून लिहीत नाही.

ताई, तुम्ही मरियमच्या हाकेवरून पटकन पुढे गेलात, मी तिथे थांबते. कस्टन्स सुरुवात करते ती शिकवल्याप्रमाणे: बाईच्या चिथावणीने मानवजात बुडाली आणि त्यासाठी तुझा मुलगा क्रुसावर फाडला गेला. हव्वेवरचा आरोप ती मुकाट कबूल करते, मलाही ती ओळ गिळवत नाही. पण पुढे? तुझ्या डोळ्यांनी तू त्याचे सगळे हाल पाहिलेस. तुझ्या दुःखाशी कोणाच्याच दुःखाची तुलना नाही. तू तुझं मूल डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलंस, आणि माझं अजून जिवंत आहे.

हे शेवटचं नीट ऐका. ती मरियमची थोरवी गातागाता तिला हलकेच कोंडीत पकडते आहे. तुला माहीत आहे हे कसं असतं, आणि माझ्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही, तर आता काहीतरी कर. माझी आजी अशी प्रार्थना करायची. गुडघ्यावर असायची, पण आवाज गिऱ्हाइकाचा. आपल्याला श्रद्धा म्हटलं की मान तुकवणंच दिसतं. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, कितीतरी गाऱ्हाणीच आहेत, ‘देवा, तू मला का सोडलंस’ या जातीची.

आणि तुम्ही सांगितलेल्या रुमालात मला एक दिसलं, आजवर दिसलं नव्हतं. डोळे, डोळे, डोळे. बाळाचे झाकले, स्वतःचे वर लावले, मरियमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आठवलं. बाळाने बघू नये असं जे काही आहे ते ती एका आईला बघायला सांगते. देव बघतोय हे तिला पुरत नाही म्हणून तर मरियमला हाक मारली ना? तुमच्या वॉर्डातली ती बाई तुम्हाला हाक मारू शकत होती. हिच्या किनाऱ्यावर नर्स नव्हती.

शंकासुर

आवाज गिऱ्हाइकाचा. हे आवडलं. पार्सल शब्द मागे घेतो, पेटी राहू द्या.

जुनी_परिचारिका

सगळ्यांचे आभार. मेणबत्तीताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून खिडकीपाशी जाऊन आले.

पोथीवाचकांनी गॉवरचं दूध सांगितलं त्याने जीव निवला. मधेच रडते, मधेच गाते. अगदी बरोबर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बायका अशाच असतात, रडण्याचं कारण विचारलं तर सांगता येत नाही. हिला तर कारणही होतं.

काल गोष्ट शेवटपर्यंत वाचली. रोममध्ये नवरा भेटतो तेव्हा ती आधी झाडासारखी मुकी उभी राहते आणि मग दोनदा बेशुद्ध पडते. त्याची निर्दयता आठवून, असं चॉसर स्पष्ट लिहितो. म्हणजे किनाऱ्यावरचं ‘निर्दय नवऱ्या’ तिने पाच वर्षं सोबत वागवलं होतं, सगळी स्तोत्रं म्हणून झाल्यावरसुद्धा. मग तो बिचारा शपथा घेतो की मी काहीच केलं नाही. नाहीच केलं त्याने, खरं आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं. बाप समोर येतो. सम्राट. सगळी सुरुवात ज्याच्यापासून झाली तो. ती त्याच्या पायाशी पडते आणि म्हणते, बाबा, तुम्ही तुमच्या कस्टन्सला विसरलात. मी तुमची ती मुलगी, जिला तुम्ही एकेकाळी सिरियाला पाठवलं होतं. खाऱ्या समुद्रात एकटी मरायला टाकलेली ती मीच. आता दया करा, मला पुन्हा परधर्मीयांच्या मुलखात पाठवू नका.

मी मागे पानं उलटून पहिला भाग काढला. सिरियाला निघायच्या दिवशी ती फिकट पडलेली असते, आणि चॉसर म्हणतो, रडली यात नवल काय? जिला परक्या मुलखात पाठवताहेत, ज्याचा स्वभावही माहीत नाही अशा माणसाच्या ताब्यात देताहेत. आणि लगेच पुढे वकिली टोमणा: नवरे सगळे चांगलेच असतात, हे बायकांना ठाऊक आहे, मी अधिक बोलत नाही. तेव्हा ती बापाला म्हणाली होती की बाई जन्माला येते ती गुलामीसाठी आणि प्रायश्चित्तासाठी, पुरुषाच्या हुकुमाखाली राहायला. माझ्या वहीत त्या ओळीपुढे मी रागाने फुली मारली आहे.

तिथेही ‘पाठवणं’, इथेही ‘पाठवणं’, क्रियापद तेच. आपल्या भाषेत त्याला एक नाव आहे, पाठवणी, आणि ते नाव रडल्याशिवाय उच्चारलं जात नाही. मधल्या सगळ्या वर्षांत तिने देवाला काय काय म्हटलं ते वकिलाने सांगितलं. बापाला काय म्हणायचं ते तिने मनात धरून ठेवलं होतं, आणि म्हटलं ते पाया पडून, पण म्हटलं. ‘पाठवू नका.’

गोष्टीतला नवरा वर्षभरात मरतो. ती पुन्हा बापाकडे येते, आणि मग तिला कोणी कुठे पाठवत नाही.

पोथीवाचक, एकच विचारायचं राहिलं. ट्रिव्हेटच्या कॉन्स्टन्सला एवढ्या भाषा येतात, ती बापापुढे आल्यावर हे वाक्य म्हणते का? की तेही चॉसरनेच तिच्या तोंडी ठेवलं?